नव्या संगीताशी श्रोत्यांची ओळख कशी करून द्यावी

समकालीन किंवा प्रायोगिक संगीताचा कार्यक्रम सर्वसामान्य श्रोत्यांसाठी आखायला घेतला की आयोजकाच्या मनात पहिला विचार येतो तो समजावून सांगण्याचा. सुरुवातीला अर्ध्या तासाचे व्याख्यान ठेवावे, त्यात विसाव्या शतकाचा इतिहास सांगावा, स्वरमेळाची जुनी चौकट का मोडली गेली हे पटवून द्यावे आणि मग प्रत्यक्ष संगीत ऐकवावे, असा बेत सहसा ठरतो. तो बहुतेक वेळा फसतो. व्याख्यान ऐकलेला श्रोता पुढच्या रचनेत ते व्याख्यानच शोधू लागतो आणि ते सापडले नाही की ‘आपल्याला यातले काही कळत नाही’ असे ठरवून मोकळा होतो. वास्तविक त्याच्याकडे माहिती कमी नसते. ऐकताना लक्ष कुठे ठेवावे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. म्हणून पुढच्या बहुतेक सूचना एकाच गोष्टीभोवती फिरतात. प्रत्येक रचनेपूर्वी श्रोत्याच्या कानाला एक लहानसे, नेमके काम द्यावे. इतिहास, सिद्धान्त आणि रचनाकाराचे चरित्र हे सगळे नंतर सांगावे, तेही कोणी विचारले तर.

याचे कारण ऐकण्याच्या सवयीत आहे. ओळखीच्या संगीतात कान सतत पुढचा अंदाज बांधत असतो. ध्रुवपद परत येणार, ताल समेवर येणार, ताणलेला स्वर आपल्या ठिकाणी विसावणार, हे त्याला ठाऊक असते आणि तो अंदाज खरा ठरण्यात किंवा किंचित चुकण्यात त्याचा आनंद असतो. नव्या संगीतात हे आधार अनेकदा मुद्दाम काढून घेतलेले असतात. तरीही कान सवयीने वाट पाहत राहतो, आणि जे येणारच नाही त्याची दहा मिनिटे वाट पाहणाऱ्या माणसाला कंटाळा आला तर त्याला दोष देता येत नाही. काम दिले की ही वाट पाहणे थांबते.

पहिली रचना

पहिल्या रचनेची निवड तिच्या महत्तेवर करू नये. ती लहान असावी, तिच्यात काय घडते आहे ते डोळ्यांनाही दिसावे आणि तिचा नियम एका वाक्यात सांगता यावा. या तिन्ही अटी स्टीव्ह राइश यांच्या १९७२ सालच्या ‘क्लॅपिंग म्युझिक’ या रचनेइतक्या चोख पूर्ण करणाऱ्या रचना फार थोड्या आहेत. तिला वाद्य लागत नाही. दोन माणसांचे चार हात पुरतात. बारा मात्रांचा एकच आकृतिबंध आहे: तीन टाळ्या आणि एक रिकामी मात्रा, दोन टाळ्या आणि एक रिकामी, एक टाळी आणि एक रिकामी, पुन्हा दोन टाळ्या आणि एक रिकामी. दोघेही तो एकत्र वाजवू लागतात. पहिला वादक शेवटपर्यंत तोच आकृतिबंध वाजवत राहतो. दुसरा ठरावीक आवर्तनांनंतर एका मात्रेने पुढे सरकतो, मग आणखी एका मात्रेने, आणि अशा बारा सरकण्यांनंतर दोघे पुन्हा एकत्र येतात. संपूर्ण रचनेचा नियम एवढाच.

ही रचना ऐकवण्यापूर्वी श्रोत्यांना आकृतिबंध वाजवायला लावावा. निवेदकाने आधी तो संथ लयीत एकट्याने करून दाखवावा, मग सर्वांनी मिळून तो चार-पाच वेळा करावा, आणि सभागृह स्थिर झाले की एका वादकाने एका मात्रेने सरकून दाखवावे. क्षणार्धात सगळ्यांची लय मोडते, हशा पिकतो. तो हशा आवरण्याची घाई करू नये, कारण दोन वादक पुढे जे करणार आहेत ते किती अवघड आहे हे आता प्रत्येकाच्या तळहातांना कळलेले असते. मग काम द्यावे: ‘फक्त पहिल्या वादकाकडे कान ठेवा आणि त्याचा धागा कुठे सुटतो ते पाहा.’ बहुतेकांचा धागा दुसऱ्या-तिसऱ्या सरकण्यालाच सुटतो. रचना पाच मिनिटांच्या आसपासची असल्यामुळे ती लगेच दुसऱ्यांदा वाजवता येते, आणि या खेपेला काम उलटे द्यावे: ‘दोघांपैकी कोणालाच धरू नका, दोघांच्या मधून जो तिसरा ताल ऐकू येईल तो ऐका.’ त्या तिसऱ्या तालावर कोणाचाच हात पडत नसतो, तरी तो सर्वांना ऐकू येतो. प्रायोगिक संगीतात नियमातून अनपेक्षित काहीतरी निपजते, हे कितीही व्याख्यान देऊन सांगण्यापेक्षा इथे लवकर कळते.

ज्या ठिकाणी लोक येत-जात असतील, उदाहरणार्थ प्रदर्शनाच्या दालनात, तिथे दुसरा पर्याय बरा. ला माँटे यंग यांच्या १९६० सालच्या एका रचनेत कागदावर दोनच स्वर लिहिलेले आहेत, ‘बी’ आणि ‘एफ शार्प’, आणि ते बराच वेळ धरून ठेवायचे आहेत. हे अंतर म्हणजे षड्ज आणि पंचम यांच्यातले अंतर, त्यामुळे कानाला ते मुळीच परके नाही. दोन वादकांनी ते दालनात धरून ठेवावेत आणि श्रोत्याला सांगावे की खोलीत संथपणे फिरा, मधूनच थांबा, मान वळवा. भिंतींवरून परतणाऱ्या ध्वनिलहरी एकमेकींत मिसळत असल्यामुळे जागा बदलली की आवाजाचा पोत बदलतो. स्वर तेच आहेत, फिरतो आहोत ते आपण, हे एकदा जाणवले की माणसे अपेक्षेपेक्षा बराच वेळ रेंगाळतात.

एकच रचना दोनदा

रचनाकार आर्नोल्ड शोएनबर्ग यांनी १९१८ मध्ये व्हिएन्नात नव्या संगीतासाठी एक खासगी मंडळ स्थापन केले. तिथे वर्तमानपत्रांच्या समीक्षकांना प्रवेश नव्हता, टाळ्या वाजवण्यास मनाई होती, कार्यक्रमात काय वाजणार हे आधी जाहीर होत नसे, आणि रचना भरपूर तालमींनंतर, पुन्हा पुन्हा सादर केल्या जात. यातले पहिले तीन नियम आजच्या सार्वजनिक कार्यक्रमासाठी निरुपयोगीच नव्हे तर घातक आहेत. बंद दाराआडचे संगीत बाहेरच्या माणसाला अधिकच दूर वाटते. चौथा नियम मात्र आजही कोणी पुरेसा पाळत नाही. अपरिचित रचना एकदा ऐकवून तिच्याबद्दल मत विचारणे हा श्रोत्यावर अन्याय आहे आणि रचनेवरही. पाच-सहा रचनांची भरगच्च पत्रिका करण्यापेक्षा तीन रचना घ्याव्यात आणि त्यांतली एक दोनदा वाजवावी. दोन वादनांच्या मध्ये वादकाने एखादा अवघड तुकडा सुटा करून दाखवला तर उत्तमच. पत्रिका लहान दिसते म्हणून संकोचू नये.

शीर्षक आणि टिपण

क्षिस्तोफ पेंडेरेत्स्की यांनी १९६० मध्ये बावन्न तंतुवाद्यांसाठी एक रचना लिहिली. तिचे मूळ नाव तिच्या कालावधीवरून ‘८ मिनिटे ३७ सेकंद’ असे होते. ‘हिरोशिमाच्या बळींसाठी शोकगीत’ हे नाव तिला पुढे मिळाले आणि आज जग तिला त्याच नावाने ओळखते. श्रोत्यांसाठी यातून फार उपयुक्त प्रयोग करता येतो. नाव न सांगता पहिली तीन मिनिटे ऐकवावीत आणि विचारावे की कोणकोणते आवाज ऐकू आले. कोणी किंचाळी म्हणेल, कोणी यंत्र, कोणी वारा, आणि हे सगळे व्हायोलिन, व्हिओला, चेलो आणि डबल बास यांतूनच निघाले आहेत हे ऐकून अनेकांना नवल वाटेल. मग नाव सांगावे आणि तीच तीन मिनिटे पुन्हा ऐकवावीत. बदल ध्वनीत झालेला नसतो. शीर्षक आपल्या वतीने किती ऐकून टाकते हे इथे उघड होते, आणि पुढच्या रचनांच्या शीर्षकांकडे श्रोता जरा सावधपणे पाहू लागतो.

कार्यक्रमपत्रिकेतल्या टिपणांनाही हाच न्याय लावावा. ‘ही रचना ध्वनीच्या भौतिकतेचा आणि काळाच्या अरेषीय अनुभवाचा शोध घेते’ अशा धाटणीची वाक्ये निर्दयपणे काढून टाकावीत, मग ती स्वतः रचनाकाराने का लिहिलेली असेनात. त्यांच्या जागी कानाला दिसेल असे काहीतरी लिहावे. जेरार ग्रिसे यांच्या १९७५ सालच्या ‘पार्सिएल’ या अठरा वादकांच्या रचनेचे टिपण असे होऊ शकते: ‘सुरुवातीला ट्रॉम्बोनवर एक खर्जातला स्वर वाजेल. त्या एका स्वराच्या पोटात जे उपस्वर दडलेले असतात, ते इतर वाद्ये एकामागून एक वाजवतील. सगळी वाद्ये मिळून एकच मोठे वाद्य झाल्यासारखे वाटते का, ते ऐका.’ टिपण चार ओळींपलीकडे जाऊ देऊ नये. अंधारात पत्रिका वाचता येत नाही, त्यामुळे तेच शब्द रचनेच्या आधी तोंडीही सांगावेत आणि लगेच बाजूला व्हावे.

चित्रपटांची मदत घ्यावी का, असा प्रश्न हमखास येतो. ज्योर्जी लिगेती यांचे संगीत १९६८ च्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटात वापरले गेले आणि नव्या संगीताच्या मैफलीकडे कधी न फिरकलेल्या असंख्य प्रेक्षकांनी ते ऐकले. ‘हे तुम्ही आधीच ऐकलेले आहे’ एवढे सांगायला हे उदाहरण छान आहे, पण त्यावर फार विसंबू नये. पडद्याने विसंवादी स्वरांना भीती आणि अवकाश ही दोनच कामे नेमून दिली आहेत, आणि ती जोडी एकदा डोक्यात पक्की बसली की श्रोता प्रत्येक नव्या रचनेत भूतच शोधतो.

हात घालू द्यावा

ऐकण्याइतकाच भर करून पाहण्यावर असावा. पॉलीन ऑलिव्हेरोस यांच्या स्वर जुळवण्याच्या ध्यानरचनेला कोणतीही पूर्वतयारी लागत नाही. सर्वांनी श्वास घ्यावा आणि तो सोडताना मनात येईल तो एक स्वर लांब धरावा. पुढच्या श्वासाला दुसऱ्या कोणाचा तरी स्वर ऐकून नेमका तोच लावावा. त्यानंतरच्या श्वासाला कोणीच गात नसलेला नवा स्वर लावावा, आणि असे आलटून पालटून करत राहावे. ‘मला गाता येत नाही’ म्हणणाऱ्यांना इथे सर्वाधिक मजा येते, कारण चुकण्याची सोयच ठेवलेली नाही. शांतता आपोआप पसरेपर्यंत थांबू नये. वाचून वाजवू शकणारे हौशी वादक हाताशी असतील तर टेरी रायली यांची १९६४ सालची ‘इन सी’ घ्यावी. तिच्यात त्रेपन्न लहान तुकडे आहेत. ते सर्वांनी क्रमाने वाजवायचे, पण प्रत्येक तुकडा किती वेळा वाजवावा हे ज्याचे त्याने ठरवायचे, आणि इतरांपासून फार पुढे किंवा मागे पडायचे नाही. वाद्ये कोणतीही चालतात. तालमीत एकच गोष्ट घोटून घ्यावी लागते, ती म्हणजे इतरांचे ऐकून गप्प बसणे. हौशी माणसांना ते वाजवण्यापेक्षा जड जाते.

माझ्या मते कार्यशाळेसाठी सर्वांत फलदायी रचना ॲल्विन ल्युसिए यांची १९६९ सालची ‘आय ॲम सिटिंग इन अ रूम’ ही आहे. खोलीत बसून काही वाक्ये बोलायची आणि ध्वनिमुद्रित करायची. ते ध्वनिमुद्रण त्याच खोलीत स्पीकरवर वाजवून पुन्हा मुद्रित करायचे. ते दुसरे मुद्रण पुन्हा वाजवायचे, पुन्हा मुद्रित करायचे. प्रत्येक खोली तिच्या मापांनुसार काही कंपनांना उचलून धरते आणि काहींना दाबते. दर फेरीला हा फरक साचत जातो आणि अखेर शब्द विरून खोलीचे स्वतःचे स्वर तेवढे उरतात. ल्युसिए यांना बोलताना अडखळण्याची सवय होती आणि त्यांच्या मूळ मजकुरात तिचा उल्लेख आहे, पण मजकूर कोणताही चालतो. म्हणून बोलायला श्रोत्यांतूनच कोणाला तरी बोलवावे.

यातल्या अडचणी साध्या असतात, पण त्यांनी प्रयोग हमखास बिघडतो. जाड पडदे आणि गालिचे असलेली खोली घेऊ नये. उघड्या भिंतींची, थोडी घुमणारी खोली हवी. बोलणे अर्ध्या मिनिटाचे पुरे, म्हणजे पंधरा फेऱ्या साडेसात मिनिटांत होतात. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करणार असाल तर त्यातली गोंगाट कमी करणारी आणि आवाजाची पातळी आपोआप बदलणारी सोय आधी बंद करावी, कारण ती नेमके सलग घुमणारे स्वरच पुसून टाकते. स्पीकरचा आवाज बेताचा ठेवावा. काही स्वर फेरीगणिक फुगत जातात आणि पाचव्या-सहाव्या फेरीपासून आवाज फाटू लागतो. ही सगळी जुळवाजुळव आदल्या दिवशी त्याच खोलीत करून पाहावी. श्रोत्यांना काम असे द्यावे: ‘ज्या क्षणी शेवटचा ओळखीचा शब्द हरवेल त्या क्षणी हात वर करा.’ हात वेगवेगळ्या वेळी वर जातात, आणि एकाला शब्द ऐकू येत असताना शेजाऱ्याला तिथे केवळ सूर ऐकू येत असतो. संपल्यावर सर्वांना खर्जापासून वर वर सावकाश गुणगुणायला सांगावे. एका ठरावीक उंचीवर खोली एकदम साथ देते, आणि तो स्वर नुकत्याच ऐकलेल्या शेवटच्या फेरीत होताच.

जॉन केज यांच्या ‘चार मिनिटे तेहेतीस सेकंद’ या रचनेने सुरुवात करण्याचा मोह मात्र टाळावा. २९ ऑगस्ट १९५२ रोजी न्यूयॉर्क राज्यातील वुडस्टॉक येथे डेव्हिड ट्यूडर यांनी पियानोवर ती प्रथम सादर केली. तिचे तीन भाग आहेत आणि ते भाग त्यांनी झाकण बंद-उघड करून दाखवले. वाजवले काहीच नाही. ही हकिकत विनोदाच्या रूपात बहुतेकांच्या कानांवर आलेली असते, त्यामुळे सुरुवातीलाच ती रचना ठेवली तर लोक विनोदच ऐकतात. आधी श्रोत्यांना घेऊन इमारतीबाहेर वीस मिनिटे न बोलता चालून यावे, तेही संथ चालीने आणि डोळ्यांऐवजी कानांनी वाट काढत. परत आल्याबरोबर, गप्पा सुरू होण्यापूर्वी, ती रचना करावी. तेव्हा सभागृहातला पंखा, खुर्चीची करकर आणि दूरचे वाहन हे सगळे कानात आपसूक येते आणि रचनेविषयी एक शब्दही बोलावा लागत नाही.

जागा, वेळ, आवाज

तीस माणसे येणार असतील तर तीस माणसांचीच खोली घ्यावी. मोठ्या सभागृहातल्या रिकाम्या खुर्च्या श्रोत्याला सांगत असतात की बाकीचे शहाणे आले नाहीत. वादकांना मंचावर न चढवता मध्यभागी बसवावे आणि भोवती श्रोते बसवावेत. रचनाकार आणि वाद्यवृंदसंचालक प्येर बूलेझ यांनी १९७३ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाच्या काही मैफलींसाठी सभागृहातल्या खुर्च्या काढून श्रोत्यांना गालिच्यांवर बसवले होते, तो खटाटोप हौसेपोटी नव्हता. माणूस कसा बसतो यावर तो किती मोकळेपणाने ऐकतो हे बरेचसे अवलंबून असते. कार्यक्रम एका तासाचा आणि मध्यंतराविना असावा, पण रचनांच्या मधल्या वेळेत दार उघडे ठेवावे आणि ‘ज्यांना जायचे आहे त्यांनी खुशाल जावे, परत यावेसे वाटले तर यावे’ असे सुरुवातीलाच सांगावे. जाण्याची मुभा मिळालेली माणसे सहसा जात नाहीत. कर्कश किंवा अतिशय मोठ्या आवाजाची रचना असेल तर तशी सूचना दारावरच लावावी आणि कानात घालायचे बोळे फुकट ठेवावेत. लहान मुले असतील तर ती रचना घेऊच नये.

परवानगीचे काम सगळ्यात आधी हाती घ्यावे. या क्षेत्रातल्या बहुतेक रचना स्वामित्व हक्काखाली असतात. जाहीर सादरीकरणाची परवानगी, स्वरलिपीच्या प्रतींचे भाडे आणि ध्वनिमुद्रण ऐकवण्याचे हक्क ही तीन वेगवेगळी प्रकरणे असतात, आणि उत्तर यायला कधीकधी आठवडे जातात. हयात रचनाकाराला थेट पत्र लिहिले तर तो अनेकदा आनंदाने मदत करतो, मात्र तो मदत करतो आहे म्हणून त्याचे मानधन वगळू नये.

कार्यक्रमानंतरची चर्चा

चर्चेची सुरुवात ‘आवडले का?’ या प्रश्नाने करू नये. त्या प्रश्नाला सभ्य माणूस ‘हो, वेगळे होते’ असे उत्तर देतो आणि बोलणे तिथेच संपते. ‘काय ऐकू आले?’ असे विचारावे. हा प्रश्न कोणालाही झेपतो, त्याचे उत्तर चुकीचे ठरत नाही, आणि चार उत्तरे आली की पाचवा माणूस आपणहून सांगतो की त्याला अमुक भाग असह्य झाला. त्याला समजावू नये; नेमका कोणता भाग, कुठे असह्य झाले, एवढे विचारावे. कुठे नकोसे झाले ते अचूक सांगणारा श्रोता ‘वा, वा’ म्हणणाऱ्यापेक्षा कितीतरी नीट ऐकत असतो.

याच वेळी आयोजकांना एक गोष्ट सांगण्याची खुमखुमी येते: २९ मे १९१३ रोजी पॅरिसमध्ये स्ट्राविन्स्की यांच्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’ या बॅलेच्या पहिल्या प्रयोगात झालेला गदारोळ. तो प्रसंग खरा असला तरी इथे सांगण्यात एक छुपी धमकी असते, की आज तुम्हाला आवडले नाही तर तुम्ही त्या ओरडणाऱ्यांतले. सांगायचाच असेल तर पुढचा भागही सांगावा. १९१४ च्या वसंतात त्याच शहरात तेच संगीत नृत्याविना मैफलीत वाजले आणि लोकांनी रचनाकाराला खांद्यावर उचलून बाहेर नेले. रचनेला दुसरी संधी कोणीतरी आधीच ठरवून दिलेली होती, म्हणून ते घडले.

त्यासाठीच पुढच्या कार्यक्रमाची तारीख पहिल्या कार्यक्रमाच्या दाराशीच छापील स्वरूपात द्यावी, दोन्हींमध्ये सहा आठवड्यांहून अधिक अंतर ठेवू नये, आणि दुसऱ्या पत्रिकेत पहिल्या कार्यक्रमातली सर्वाधिक तक्रारी आलेली रचना पुन्हा घ्यावी. तिच्याबद्दल कुरकुर केलेल्यांना वेगळे निमंत्रण पाठवावे.